क्लोजिंग स्टॉकचा आकडा येतो कुठून, आणि सॉफ्टवेअर अपडेट करताना तो जपायचा कसा

रॅकवर नग तेवढेच, खरेदीची बिलं तीच, विक्री तीच, तरी एका दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोजिंग स्टॉक, म्हणजे शेवटी उरलेल्या मालाची किंमत, ८७,५०० दिसतो आणि दुसऱ्याच्या ८१,१६६, आणि दोन्ही आकडे हिशेबाने बरोबर असतात. हे कसं होतं ते ज्याला कागदावर मांडता येतं त्याला अपडेटची धास्ती वाटत नाही. बाकीचे एकतर वर्षानुवर्षं जुन्याच रिलीजवर बसून राहतात, नाहीतर अपडेटचं बटण दाबून मोकळे होतात आणि मग मार्चएंडला सीएंचा फोन आला की शोधाशोध सुरू होते. म्हणून कॉस्टिंग, म्हणजे मालाची किंमत धरायची पद्धत, आणि अपडेट हे दोन विषय मी इथे एकत्रच घेतोय, कारण दुकानदाराला त्रास होतो तो या दोघांच्या सांध्यावरच.

उदाहरण इलेक्ट्रिकल दुकानाचं घेऊ. मुंबईत लोहार चाळीत असो नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबापाशी, हाऊस वायरचा रेट तांब्याच्या भावाबरोबर सारखा हलत असतो त्यामुळे कॉस्टिंगची पद्धत बदलली की नफा किती बदलतो ते इथे लगेच दिसतं. आकडे समजण्यापुरते घेतलेत, आणि सगळे जीएसटी सोडून.

आधी हाताने करून बघा

एक आयटम घ्या, दीड स्क्वेअर एमएम वायर, ९० मीटरचं कॉइल. १ एप्रिलला ओपनिंग, म्हणजे आधीचा शिल्लक माल, ४० कॉइल, रेट १,५००, म्हणजे ६०,०००. १२ एप्रिलला ६० कॉइल आले १,६०० ने, ९६,०००. २० एप्रिलला ७० कॉइल विकले १,८५० ने. २८ एप्रिलला अजून ५० आले १,७५० ने, ८७,५००. ५ मेला ३० विकले २,००० ने. आता शिल्लक ५० कॉइल. एकूण माल १५० कॉइलचा, किंमत २,४३,५००, आणि विक्री १,८९,५००.

फिफो, म्हणजे जो माल आधी आला तो आधी गेला असं धरायचं. १०० कॉइल विकले म्हणजे ओपनिंगचे ४० आणि १२ एप्रिलचे ६० संपले, उरलेले ५० सगळे शेवटच्या लॉटचे. क्लोजिंग ८७,५००, नफा ३३,५००.

मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे प्रत्येक आवक झाली की सरासरी नव्याने काढायची. १२ एप्रिलनंतर १०० कॉइलचे १,५६,०००, सरासरी १,५६०. ७० गेले, ३० उरले ते ४६,८०० चे. त्यात ५० आले, ८० कॉइल १,३४,३०० चे, सरासरी १,६७८.७५. त्यातले ३० गेले. क्लोजिंग ८३,९३७.५०, नफा २९,९३७.५०.

पूर्ण काळाची एकच सरासरी, म्हणजे ओपनिंग आणि सगळी आवक एकत्र करून भागायची: २,४३,५०० भागिले १५०, रेट १,६२३.३३. क्लोजिंग ८१,१६६.६७, नफा २७,१६६.६७.

लिफो, शेवटचा आलेला आधी गेला, हे प्रत्येक विक्रीच्या वेळी लावलं तर शेवटी १,५०० वाले ३० आणि १,७५० वाले २० उरतात, क्लोजिंग ८०,०००, नफा २६,०००.

बघा, एकाच वायरमध्ये नफ्यात साडेसात हजारांचा फरक आला, आणि यात कोणी काही लपवलेलं नाही, भाव चढता असला की फिफोमध्ये नफा जास्त दिसतो आणि लिफोमध्ये कमी दिसतो, भाव उतरता असला की उलटं. शेवटी एकूण नफा तोच असतो, फक्त तो या वर्षी दिसतो की पुढच्या वर्षी एवढाच प्रश्न, पण टॅक्स आणि बँकेची लिमिट यावर्षीच्या आकड्यावर ठरतात ना, म्हणून फरक पडतो.

कोणती पद्धत निवडायची

आपल्याकडे निवड तशी सोपी आहे. अकाउंटिंग स्टँडर्ड २ आणि इंड एएस २ ही हिशेबाची दोन्ही स्टँडर्ड नेहमीच्या एकसारख्या मालासाठी फिफो किंवा वेटेड ॲव्हरेज, म्हणजे वरच्यासारखी सरासरी, एवढंच चालवतात, इन्कम टॅक्सचं स्टँडर्ड आयसीडीएस २ पण तसंच सांगतं. लिफो आपल्याकडे चालत नाही, आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये पण नाही, अमेरिकेत मात्र अजून चालतं, आणि म्हणूनच बाहेरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय दिसतो. यादीत दिसतो म्हणून निवडायचा नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर लास्ट पर्चेस कॉस्ट, स्टँडर्ड कॉस्ट, झिरो कॉस्ट असे कितीतरी पर्याय आहेत, त्यातले काही स्वतःच्या माहितीसाठी रिपोर्ट बघायला चांगले, पण ताळेबंदात जाणारा आकडा फिफो किंवा ॲव्हरेजचाच ठेवा.

माझं मत विचाराल तर ज्या मालाला एक्सपायरी किंवा मॉडेल असतं, औषधं, खाद्यपदार्थ, मोबाईल, त्याला फिफो, कारण माल खरंच त्याच क्रमाने जातो. आणि जो माल ढिगात मिसळतो, सुटी वायर, खिळे, धान्य, पेंटचे थिनर, त्याला ॲव्हरेज, कारण तिथे कुठला मीटर कुठल्या लॉटचा ते कोणी सांगूच शकत नाही. आणि एखादी वस्तू ऑर्डरप्रमाणे बनवून घेतलेली असेल, पॅनल बोर्ड किंवा मोठा जनरेटर, तर तिचा तिचाच खरेदी खर्च धरायचा, तिला सरासरीत घालायचं नाही.

एकदा ठरली की पद्धत टिकवायची. योग्य कारण असल्याशिवाय बदलता येत नाही आणि बदललीच तर नफ्यावर किती परिणाम झाला ते दाखवावं लागतं. बदलायचीच असेल तर सीएंशी बोलून १ एप्रिलपासून बदला, वर्षाच्या मध्ये अजिबात नको.

कॉस्टमध्ये काय धरायचं आणि काय नाही

पद्धतीइतकाच घोळ इथे होतो. खरेदीचा रेट म्हणजे कॉस्ट नव्हे. माल दुकानात येईपर्यंतचं भाडं, हमाली, वाराई, ट्रान्झिट इन्शुरन्स हे सगळं कॉस्टमध्ये येतं. ट्रेड डिस्काउंट आणि कंपनीने दिलेली रिबेट वजा होते. २८ एप्रिलच्या ५० कॉइलला टेम्पो आणि हमाली मिळून १,२५० लागले असतील तर कॉइलमागे २५ रुपये वाढून खरा रेट १,७७५ होतो. हे बहुतेक दुकानात सरळ भाडे खर्चाच्या लेजरला (खात्याला) टाकतात आणि मग आयटमवाइज नफा बघताना वाटतं की वायरमध्ये मार्जिन चांगलंय, तर तसं नसतं. टॅलीत खरेदीच्या व्हाउचर टाइपमध्ये ॲडिशनल कॉस्ट ट्रॅक करायची सोय आहे, ती चालू करा, आणि भाडं किमतीच्या प्रमाणात वाटायचं का नगाच्या ते एकदा ठरवा. वायर आणि बल्ब एकाच टेम्पोत आले तर नगाच्या प्रमाणात वाटणं चुकीचं ठरतं, हे लक्षात घ्या.

विक्रीचा खर्च, गिऱ्हाइकाकडे पोचवायचं भाडं, तयार माल ठेवायचं गोडाऊन भाडं, हे कॉस्टमध्ये नाही.

जीएसटीचं असं आहे की इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, घेत असाल तर हिशेबाच्या पुस्तकात तो टॅक्स मालाच्या किमतीत धरायचा नाही. कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असाल तर क्रेडिट मिळतच नाही, मग भरलेला जीएसटी कॉस्टचाच भाग. इन्कम टॅक्ससाठी सीए लोक स्टॉकमध्ये टॅक्स धरून वेगळा मेळ घालतात, ते त्यांच्यावर सोडा, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये एकच पद्धत पाळा.

आणि शेवटी जो आकडा येतो तो विकून मिळेल त्या किमतीपेक्षा जास्त असेल तर कमी किंमत धरायची. जुन्या डिझाइनचे स्विच ८० ने घेतलेत पण आता ५० लाच जातात आणि विकायला ५ रुपये खर्च आहे, तर ते ४५ नेच धरायचे. हे आयटमप्रमाणे बघायचं, एका मालातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्याने झाकायचा नाही. आणि माल हरवला, चोरीला गेला, खराब झाला म्हणून लिहून टाकला तर त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते स्पष्ट आहे, मोजणीनंतर नुसती क्वांटिटी कमी केली आणि क्रेडिट तसंच ठेवलं असं करू नका.

सॉफ्टवेअरमध्ये आकडा बिघडतो कुठे

टॅलीत एफ ११ मध्ये अकाउंट्स आणि इन्व्हेंटरी इंटिग्रेट करायचा पर्याय असतो. तो हो असेल तर क्लोजिंग स्टॉक आयटमच्या हिशेबातून थेट ताळेबंदात जातो, नाही असेल तर स्टॉक-इन-हँडच्या लेजरमध्ये तुम्ही हाताने टाकलेला आकडा जातो. कितीतरी ठिकाणी मी बघितलंय की मालक स्टॉक समरी बघून खूश असतो आणि ताळेबंदात दोन वर्षांपूर्वीचा हाताने टाकलेला आकडा तसाच बसलेला असतो. सगळ्यात आधी हे तपासा.

मग आयटमचं मास्टर, म्हणजे त्याची मूळ माहितीची नोंद, उघडून एफ १२ मधून कॉस्टिंग मेथड दिसेल असं करा, आणि प्रत्येक आयटमची पद्धत तपासा. डिफॉल्टला ॲव्हरेज कॉस्ट असतं. इथे फिफो आणि फिफो पर्पेच्युअल हे दोन वेगळे पर्याय आहेत, साधा फिफो त्या आर्थिक वर्षापुरता बघतो आणि पर्पेच्युअल पुस्तकं सुरू झाल्यापासूनचे लॉट बघत येतो. दोघांचे आकडे वेगळे येऊ शकतात, तेव्हा अर्धे आयटम इकडे अर्धे तिकडे असं ठेवू नका.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे निगेटिव्ह स्टॉक. माल आला, विकला, पण खरेदीचं बिल आठ दिवसांनी एंटर केलं, तर मधल्या काळात सॉफ्टवेअरला वाटतं की नसलेला माल विकला. त्या विक्रीला कॉस्ट कुठली लावायची हे त्याला माहीत नसतं आणि तिथून पुढची सरासरी हलते. उपाय एकच, बिल यायला उशीर असेल तरी माल आल्याच्या दिवशी रिसीट नोट, म्हणजे माल मिळाल्याची एंट्री, टाकायची, आणि आठवड्यातून एकदा निगेटिव्ह स्टॉकची लिस्ट काढून ती शून्य करायची.

दुसरं म्हणजे युनिट. कॉइलने घेतो, मीटरने विकतो. मूळ युनिट मीटर ठेवा आणि कॉइल म्हणजे ९० मीटर असं पर्यायी युनिट द्या. कॉइलचा वेगळा आयटम आणि सुट्याचा वेगळा आयटम केला तर रोज एका आयटममधून दुसऱ्यात माल वळवायचं स्टॉक जर्नल टाकावं लागतं, आणि ते कोणी टाकत नाही.

ईआरपीनेक्स्ट वापरणारे पण आता बरेच आहेत, मुंबईच्या फ्रॅपेचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे ते. त्यात फिफो आणि मूव्हिंग ॲव्हरेज मिळतं, आणि व्हर्जन १४ पासून लिफो पण. त्यात मागच्या तारखेची एंट्री टाकली की पुढच्या सगळ्या एंट्र्यांचं मूल्य ते परत मोजत जातं, रिपोस्ट आयटम व्हॅल्युएशन नावाने ते काम मागे चालू असतं. ते पूर्ण झाल्याशिवाय स्टॉकचा रिपोर्ट काढायचा नाही, अर्धवट मोजलेला आकडा बँकेला जातो आणि नंतर जुळत नाही.

चाचणीची कंपनी

आता वरचं वायरचं उदाहरण कामाला येतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळी डमी कंपनी बनवा, त्यात हाच आयटम त्याच तारखांनी घाला, पाच एंट्र्या आहेत, दहा मिनिटांचं काम. मग ॲव्हरेज लावून क्लोजिंग बघा. ८३,९३७.५० आलं तर तुमचं सॉफ्टवेअर मूव्हिंग ॲव्हरेज करतं, ८१,१६६.६७ आलं तर पूर्ण काळाची सरासरी. फिफो लावा, ८७,५०० यायलाच पाहिजे. मग त्यात एक मागच्या तारखेची खरेदी, एक सेल्स रिटर्न, एक भाड्यासकट खरेदी घाला आणि काय होतं ते लिहून ठेवा. सेल्स रिटर्न तर नक्की बघा, परत आलेला माल विक्रीच्या किमतीने आत येऊन सरासरी चढवतो का कॉस्टने येतो ते कळायलाच हवं.

ही कंपनी डिलीट करू नका. प्रत्येक नव्या रिलीजवर आधी हीच उघडायची. आकडे तेच आले तर पुढे जायचं, एवढं साधं आहे.

अपडेट करायचं तर असं

अपडेट टाळून चालत नाही हे आधी मान्य करा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे रेट बदलले, १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक मालासाठी गेले, एसी, मोठे टीव्ही, सिमेंट २८ वरून १८ वर आलं. जुन्या स्टॉकवर घेतलेलं २८ चं क्रेडिट शाबूत राहतं, विक्री नव्या रेटने होते, आणि क्रेडिट घेणाऱ्याच्या कॉस्टमध्ये काही बदल होत नाही. कंपोझिशनवाल्याच्या जुन्या स्टॉकमध्ये मात्र जुना जास्तीचा टॅक्स बसलेला असतो, त्याला नवीन खरेदीशी भावात टक्कर द्यावी लागते, तिथे विकून मिळणारी किंमत खरंच कमी झाली का ते बघावं लागतं. रेट बदलताना आयटमच्या मास्टरमध्ये नवा रेट तारीख देऊन लावायचा, जुना खोडून नाही, नाहीतर सप्टेंबरआधीच्या बिलांचा टॅक्स गडबडतो.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांपासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, म्हणजे कुणी, कधी, काय बदललं याची नोंद बंद करता येणार नाही असं. टॅलीमध्ये त्यासाठी एडिट लॉगवालं वेगळं एडिशन आहे. प्रोप्रायटर किंवा पार्टनरशिपला हे बंधन नाही, तरी दुकानात दोन-तीन जण एंट्री करत असतील तर वापरावं असं मला मनापासून वाटतं.

वेळ कुठली निवडायची तर मंथली रिटर्नवाल्यांनी ११ तारखेचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं टॅक्स भरायचं रिटर्न ३बी भरून झाल्यावर, २१ ते २५ च्या दरम्यान, शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या गर्दीत नको.

सुरू करायच्या आधी हे रिपोर्ट पीडीएफ आणि एक्सेल दोन्हीत काढा: आयटमवाइज स्टॉक समरी क्वांटिटी, रेट आणि व्हॅल्यूसकट, गोडाऊनवाइज पण असेल तर तीही, ट्रायल बॅलन्स, नफातोटा, मागच्या महिन्याच्या जीएसटी रिटर्नची समरी, निगेटिव्ह स्टॉकची लिस्ट, आणि टॅलीत स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट ज्यात कुठल्या प्रकारची किती व्हाउचर आहेत ते कळतं. तारीख आणि फिल्टर कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर अगदी तोच रिपोर्ट काढता येईल.

मग बॅकअप, दोन ठिकाणी, एक दुकानाबाहेर. आणि तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून उघडून बघायचा, हे लोक हमखास सोडतात. ईआरपीनेक्स्ट असेल तर बॅकअप फाइल्ससकट घ्या आणि अपडेट आधी कॉपी साइटवर चालवा, आणि १४ पासून भारतातला जीएसटीचा भाग इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या ॲपमध्ये गेलाय, ते ॲप पण जोडीला अपडेट व्हायला हवं.

रिलीजबरोबर आलेली माहिती वाचा. छोटा अपडेट असेल तर डेटाला धक्का लागत नाही, पण मोठ्या रिलीजमध्ये डेटाच नव्या रूपात बदलतो, टॅलीप्राइम ३.० ला जाताना तसं झालं होतं, आणि एकदा बदललेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. म्हणून मूळ डेटाच्या कॉपीवर आधी करा, आणि नेटवर्कवर चार मशीन असतील तर चारही एकाच वेळी अपडेट करा. नव्या रिलीजसाठी टीएसएस, म्हणजे टॅलीचं सबस्क्रिप्शन, चालू लागतं, त्याची तारीख आधीच बघा. तुमच्या बिलाचा खास फॉरमॅट, बारकोडचं ॲड-ऑन असं काही टीडीएलमध्ये (टॅलीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत) करून घेतलं असेल तर ते ज्याने केलं त्याला आधीच विचारा की नव्या रिलीजवर चालतं का, आणि पहिल्यांदा उघडताना ॲड-ऑन बंद ठेवूनच उघडा.

अपडेट झाला की आधी डमी कंपनी, मग खऱ्या डेटाची कॉपी. तेच रिपोर्ट काढा, एक्सेलमध्ये जुनं-नवं शेजारी ठेवा आणि व्हीलूकअपने फरकाचा कॉलम बनवा. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका, एका आयटममध्ये अधिक आणि दुसऱ्यात उणे असं होऊन बेरीज जुळू शकते.

फरक आला तर घाबरायचं नाही, क्रमाने जायचं. क्वांटिटीत फरक असेल तर तो कॉस्टिंगचा प्रश्नच नाही, व्हाउचर कमी-जास्त झालंय किंवा युनिट बदललंय, स्टॅटिस्टिक्सचे आकडे बघा. क्वांटिटी तीच आणि व्हॅल्यू वेगळी असेल तर आधी त्या आयटमची कॉस्टिंग मेथड, मग तो कधी निगेटिव्ह गेला होता का, मग ॲडिशनल कॉस्ट धरली जातेय का, मग दशांशाची सेटिंग. माझा अनुभव असा की फरक सापडतो तो जवळजवळ नेहमी निगेटिव्ह गेलेल्या आयटममध्येच, म्हणून अपडेटच्या आधी ती लिस्ट साफ करून घेतली की अर्धं काम वाचतं. बंद झालेल्या वर्षाचा क्लोजिंग बदललेला दिसला तर काही केल्या त्यावर पुढे काम करू नका, कारण मागच्या वर्षाचा क्लोजिंग हाच या वर्षाचा ओपनिंग असतो आणि तो रिटर्नमध्ये गेलेला आहे. बॅकअपवर परत या, सपोर्टला ते दोन रिपोर्ट पाठवा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.

सगळं जुळलं की दोन्ही रिपोर्टवर अपडेटची तारीख, जुना आणि नवा रिलीज नंबर लिहून एक फाइल करा आणि एक कॉपी सीएंना मेल करा. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर मिळणारं खेळतं कर्ज, असेल तर पुढचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला देताना त्याच पद्धतीचा आकडा जातोय ना ते त्या फाइलवरून ताडून बघा. ५ कोटींच्या वर वर्किंग कॅपिटल लिमिट मंजूर असलेल्या कंपन्यांमध्ये तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंट पुस्तकांशी जुळतात का हे ऑडिटरला कारो २०२० या कंपनी ऑडिट रिपोर्टच्या आदेशाप्रमाणे रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, आणि तो हीच फाइल मागेल.